शुवैखमध्ये नाक निवडताना

शुक्रवारची नमाज आटोपली
की शुवैखची शटरं पुन्हा वर सरकतात.
माझी दोन हजार नऊची लान्सर
शिहाबच्या दुकानासमोर उभी.
तो माझ्या मागे बघतो, मग गाडीत बघतो.
"साहेब कुठायत?"
साहेब चिपळूणला, मी म्हणते, आणि त्यांना गाडी येत नाही.
इनटेक मला हवाय.

काउंटरवर तो नाकं मांडतो.

पहिलं लालभडक, शंकूसारखं,
तेलात भिजवलेल्या सुती कापडाचं,
वरातीतल्या घोड्यासारखं नटलेलं.
"पॉवर," शिहाब म्हणतो, आणि मूठ आवळून दाखवतो.
हे श्वास कुठून घेतं?
"बॉनेटच्या आतूनच, चेची."
म्हणजे जुलैत, बावन्न अंशांत,
इंजिनानं स्वतःचाच उष्टा उकाडा ओढायचा.
वर ते तेल सेन्सरवर बसलं
की गाडीच्या नाकी नऊ.
हे मला कुणी शिकवलं नाही.
अकरा वर्षं आयसीयूत काढली की खोड लागते,
नळीचं एक टोक दिसलं
की दुसरं कुठे उघडतंय ते बघायची.

दुसरं लांबलचक, चकचकीत पाइप,
बम्परखाली, चाकाशेजारी तोंड उघडणारा.
थंड हवा मिळते, खरं.
पण तोझ उठतो तेव्हा धूळ जमिनीलगतच आधी येते,
नाचणीच्या पिठासारखी,
आणि नोव्हेंबरात अर्धा तास पाऊस झाला
की आमच्याकडचा भुयारी रस्ता तळं होतो.
पाण्यात नाक बुडालेलं इंजिन मी पाहिलेलं नाही.
माणसं पाहिली आहेत.

तिसरं त्याने नाइलाजाने काढलं.
काळा बंद डबा, आत कोरडा फिल्टर.
किती पॉवर वाढेल?
शिहाब वळून पाहतो. मालक चहात बुडालेला.
"खरं सांगू? चार घोडे. तेही नशीब चांगलं असलं तर."
आणि आवाज?
"आवाज मिळेल."

इथूनच मी परत फिरायला हवं होतं.
नाकासमोर चालणारी बाई मी,
भाडं, मुलाची फी, चिपळूणच्या फ्लॅटचा हप्ता,
वर्षातून दोनदा अडीच दिनारांचा कागदी फिल्टर.
अडतीस दिनारांत चार घोडे,
हा हिशेब आईला सांगितला तर
ती विचारेल, त्यांना चारा कोण घालणार?

रोमेलने जुना फिल्टर काढून फरशीवर आपटला.
वाळू. खजुराच्या मोहराचा भुसा.
एका पतंगाचा अख्खा पंख.
आणि काहीतरी बारीक, राखाडी,
फुंकर घातली तरी न उडालेलं.
"हे आपल्याही आत आहे, चेची," शिहाब म्हणाला.
माहीत आहे. मी एक्सरे बघते.

रात्रपाळीला सहा बेडचे श्वास माझ्याकडे असतात.
किती, कितीदा, केवढ्या दाबाने.
कुणी खोकलं की यंत्र ओरडतं,
आम्ही धावतो, गप्प करतो.
तिथे चांगला श्वास म्हणजे
ऐकू न येणारा.

डबा बसवायला चाळीस मिनिटं लागली.
बिलावर शिहाबने लिहिलं, मिस्टर कदम.
मी पेन मागून घेतलं.

पाचव्या रिंग रोडवर डावी लेन मोकळी होती.
तिसऱ्या गिअरला पाय जरा जड केला
आणि गाडीने मोठ्याने, घुसमट फोडून,
नाकातून हवा ओढली,
डबक्यातून उठलेल्या म्हशीसारखी.
मी एकटीच हसले.
पाय उचलला. पुन्हा दाबला.

समोर क्षितिज पिवळं पडत चाललं होतं.
फोनवर इशारा येऊन पडलेला: संध्याकाळी तोझ.
काचा वर करायला हव्यात.
करते.
पुढच्या सिग्नलला.